जपानी ‘हाइ’ आणि आमचं ‘हाव’

जपानमधल्या नोकरीसाठीच्या माझ्या पहिल्या मुलाखतीनंतर आम्ही दोन किलो पेढे वाटले. नोकरी काही लागली नाही. पेढे मात्र गावाच्या अजून लक्षात आहेत.

मी दर्यापूर तालुक्यातल्या एका गावातली, खारपाणपट्ट्यातली. एएनएमचा नर्सिंग कोर्स केला, अमरावतीला एका दवाखान्यात दोन वर्षं काढली आणि तिथेच जपानी शिकायला लागले. म्हाताऱ्या माणसांच्या सेवेच्या कामाला तिकडे ‘काइगो’ म्हणतात, त्यासाठी. एप्रिल २०१९ पासून सुरू झालेला कुशल कामगारांचा व्हिसा, जानेवारी २०२१ मधला भारत-जपान करार, एन-४ किंवा जेएफटी-बेसिक यांपैकी जपानी भाषेची एक परीक्षा आणि वर काइगोच्या दोन परीक्षा, हे सगळं तुम्हीही याच वाटेवर असाल तर वाचलेलंच असणार. ते पुन्हा उगाळत नाही.

आधी धीर देते. मराठी माणसाला जपानी व्याकरण जड जात नाही. क्रियापद शेवटी. ‘नि’ म्हणजे बहुतेकदा आपला ‘ला’, ‘कारा’ म्हणजे ‘पासून’, ‘मादे’ म्हणजे ‘पर्यंत’. आपण वाक्याच्या शेवटी ‘ना’ लावतो तसा ते ‘ने’ लावतात. ‘चा-ची-चे’ची भानगडच नाही, सगळ्याला एक ‘नो’. पहिले तीन महिने मी हवेत होते. आता वाटतं, ही सोपी वाटच मला नडली. वाक्य मराठीसारखं, म्हणून त्यामागचा माणूसही आपल्यासारखाच बोलत असेल असं मी धरून चालले.

मुलाखत जपानच्या सकाळी दहाची, म्हणजे आपल्याकडे साडेसहाची. घरात रेंज नाही, म्हणून स्लॅबवर खुर्ची टाकून बसले. समोर तिघं. मी पाठ केलेलं बोलत गेले आणि तिघंही मान हलवत ‘हाइ, हाइ’ (पुस्तकातलं ‘हो, हो’), ‘सोओ देसु का’, ‘नारुहोदो’. एवढं कौतुकानं माझं कुणी कधी ऐकलं नव्हतं. मग मुख्य बाई बोलायला लागल्या तशी मी सावरून बसले, हात मांडीवर, तोंड मिटून. मोठं माणूस बोलत असताना मधे बोलू नये, हे आपल्या हाडात मुरलेलं. दोन मिनिटांत त्या थांबल्या. ‘किकोएमासु का?’ ऐकू येतंय का? मी ‘हाइ’ म्हटलं. परत थोड्या वेळानं तेच. असं तीनदा झालं आणि तिन्ही वेळा मी मनात मोबाइल कंपनीला शिव्या घातल्या. शेवटी त्या म्हणाल्या, ‘केन्तोओ शिते, गोरेन्राकु शिमासु.’ विचार करून कळवतो. वाकून नमस्कार झाला, फोन बंद.

मी खाली आले आणि सांगितलं, झालं. एवढे ‘हाइ’ म्हटल्यावर अजून काय व्हायचं राहतं? क्लासचे सरही फोनवर म्हणाले, ‘समज झालंच.’ मी समजले आणि पेढे आले.

आजी फक्त एवढंच म्हणाली, ‘काय म्हणले शेवटी?’

‘विचार करून कळवतो म्हणले.’

‘कळवतो म्हणले? मंग कायचे पेढे वाटून रायली वं?’

मला बघायला तोवर तीन स्थळं येऊन गेली होती. तिन्ही वेळा पोहे-चहा झाला, मुलाच्या मामानं हसून ‘कळवतो’ म्हटलं, आणि आमच्या घरात कुणालाही त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही. तेच वाक्य जपानीत आलं, तर मी शब्दकोश काढून बसले. पंधरा दिवसांनी नकार आला.

आता नीट ऐका, कारण इथेच सगळे पडतात आणि पडलो हेही त्यांना कळत नाही. जपानी ‘हाइ’ला पुस्तकात ‘हो’ लिहिलंय. प्रश्नाच्या उत्तरात ते ‘हो’च असतं. पण समोरचा बोलत असताना मधे मधे जे ‘हाइ’ पडतं ते ‘हो’ नाही, तो हुंकारा आहे. आजी गोष्ट सांगते तेव्हा आपण ‘हं... हं...’ करतो, तोच. हुंकारा दिला म्हणजे गोष्टीतल्या राक्षसाला आपली मान्यता असते का? नसते. आपलं वऱ्हाडी ‘हाव’सुद्धा असंच आहे. पारावर कुणी तासभर बोलतो, दुसरा ‘हाव... हाव ना...’ करत राहतो आणि उठताना म्हणतो, ‘नाही जमत बाप्पा.’ त्यात कुणाला फसवल्यासारखं वाटत नाही. ‘नारुहोदो’चंही तेच, ‘अस्सं होय’ एवढाच त्याचा जीव.

जपानीत या हुंकाऱ्याला ‘आइझुचि’ म्हणतात. ‘त्सुचि’ म्हणजे हातोडा. तापलेल्या लोखंडावर दोन लोहार आळीपाळीनं घाव घालतात, त्यावरून हा शब्द आला. पेरणीच्या आधी रस्त्याच्या कडेला घिसाडी पाल टाकतात तेव्हा पाहिलंच असेल. नवरा सांडशीत वखराची पास धरतो, बायको घण घालते, मधल्या वेळेत त्याचा हातोडा पडतो. एकाचा घाव चुकला की दुसरा थबकतो. मी घाव घालणं बंद केलं होतं, म्हणून त्या बाई तीनदा थबकल्या. रेंज चांगली होती हो! त्यांच्या हुंकाऱ्याला मी होकार समजले, आणि माझ्या आदराच्या गप्प बसण्याला त्या बिघडलेला फोन समजल्या.

आणि ‘केन्तोओ शिमासु’? धंद्याच्या बोलण्यात तो बऱ्याचदा मऊ नकार असतो. मुलाखतीत तर ते निरोपाचं वाक्य, निवड झालेल्यालाही आणि न झालेल्यालाही. त्यातून काही काढायला जाऊच नका. ‘छोत्तो...’ म्हणून कुणी श्वास आत ओढला आणि वाक्य अर्धंच सोडलं, तर मात्र नकार आला असं धरा. आपल्याकडे उसने पैसे मागितले की माणूस ‘पाहू...’ म्हणून आढ्याकडे पाहतो, तसं.

याची उलटी बाजू याहून वाईट आहे. न कळताही ‘वाकारिमाशिता’, म्हणजे समजलं, म्हणून टाकायचं. मी हे वर्षभर केलं. आपल्याकडे मोठ्यांपुढे ‘समजलं’ म्हणणं ही सभ्यता असते, मग बाहेर येऊन मैत्रिणीला विचारायचं. तिकडे तुमचं ‘वाकारिमाशिता’ खरं मानून पुढचं काम सोपवलं जातं. आजोबांना कोणत्या वेळी काय द्यायचं नाही, हे न कळता ‘समजलं’ म्हटलं तर काय होईल ते दवाखान्यात काम केलेल्यांना सांगायला नको. ‘सुमिमासेन, मोओ इचिदो ओनेगाइ शिमासु’, कृपया पुन्हा एकदा, हे वाक्य जिभेवर ठेवा. त्याहून बरं म्हणजे ऐकलेलं परत म्हणून दाखवा: ‘उद्या नऊ वाजता ना?’ लाज वाटेल. वाटू द्या.

एक गंमत मला फार उशिरा कळली. शाळेत आमच्या बाई वऱ्हाडीवर छडी घेऊन बसत. ‘माहा बाप वावरात गेला’ म्हटलं की म्हणत, ‘माझे वडील शेतात गेले, असं म्हण.’ ते इतकं मुरलं की जपानीतही मी परक्यांपुढे बाबांना मानानं ‘ओतोओसान’ म्हणायचे. चूक. परक्याशी बोलताना आपल्या घरच्यांना मान द्यायचा नसतो, आपलं माणूस आपल्यासारखंच साधं ठेवायचं: ‘चिचि वा हाताके नि इकिमाशिता.’ शब्दाला शब्द लावून पाहा, बाप वावरात गेला! क्रियापदाचं ते ‘माशिता’ आदराचं आहे, पण तो मान ऐकणाऱ्याचा, बापाचा नाही. ज्या बोलीची लाज वाटत होती तिनं इथे हात दिला.

सगळीकडे देत नाही. आपण दिसेल त्या म्हातारीला ‘आजी’ म्हणतो आणि तिला ते आवडतं. काइगोमध्ये आडनावानंतर ‘सान’ लावायचं, ‘आजी’ नाही. ‘तुम्ही’ला पुस्तकात ‘आनाता’ दिलंय, तेही मोठ्या माणसाला म्हणू नका, नावच घ्या. हे मला अजून अवघड जातं.

शॉर्टकटबद्दल विचाराल तर कार्टून पाहून जपानी शिकणारी पोट्टी मला पाहवत नाहीत. मुलाखतीत ‘मी’ला ‘ओरे’ म्हणणारा एक जण मी पाहिला आहे. म्हणजे साहेबापुढे ‘अबे’च. देवनागरीत उच्चार लिहून घ्या, पण पहिले पंधरा दिवस. पुढे घाईत ‘ओबासान’ आणि ‘ओबाआसान’ एकसारखं लिहाल आणि मावशीची आजी कराल. आणि ‘सहा महिन्यांत एन-४, नोकरी पक्की’ म्हणणाऱ्या सरांना एकच विचारा, तुम्ही जपानी माणसाशी शेवटचं कधी बोलला? आमचे बोललेच नव्हते. एन-४ ला १८० पैकी ९० लागतात, ऐकण्याच्या भागात ६० पैकी किमान १९, आणि बोलायची परीक्षा नसतेच. मी बडनेऱ्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसनं पुण्याला जाऊन, गोळे काळे करून पास झाले. हुंकारा कुणी तपासला नाही.

घाबरू नका. हुंकारा शिकता येतो, फक्त पुस्तकातून नाही. मी आता संध्याकाळी स्लॅबवर आजीला जपानीत दिवसभराचं सांगते. सोयाबीन किती झालं, कोण आलं, कोण गेलं. ‘ने’वर जरा थांबते. तिला एक अक्षर कळत नाही, पण तिचा ‘हं’ बरोबर त्या जागी पडतो. मग ती मला वऱ्हाडीत गोष्ट सांगते आणि मी ‘हाइ’ म्हणत जाते.

दुसरी मुलाखत मागच्या महिन्यात झाली. ‘किकोएमासु का’ एकदाही आलं नाही. शेवटी त्यांनी तेच म्हटलं, कळवतो. आजीनं विचारलं, मी सांगितलं, आणि आम्ही दोघी तुरीच्या शेंगा सोलायला बसलो.