लाल दिसला की मारला? परभक्षी कोळी ओळखताना या चुका टाळा

फेब्रुवारी सरत आला की ठाण्यातल्या बाल्कन्यांमध्ये गुलाबाची पानं वरून ठिपक्याठिपक्यांनी पांढुरकी पडायला लागतात. पान उलटावं तर मागे बारीक जाळी आणि त्यात हलणारे कण. हा लाल कोळी (जाळं विणून माश्या पकडणारा कोळी नव्हे, इंग्रजीत 'माइट'), हे आता बहुतेकांना ठाऊक असतं. घोळ होतो तो त्यानंतर. भिंगातून एखादा केशरी, तुरुतुरु पळणारा जीव दिसतो, 'हाच तो' म्हणून फवारा मारला जातो, आणि मरतो तो नेमका लाल कोळ्याची अंडी फस्त करणारा.

हा पळणारा म्हणजे परभक्षी कोळी, फायटोसीइडी कुळातला. आपल्या हवेत ज्याची गाठ पडण्याची शक्यता जास्त, तो निओसीयुलस लॉन्जिस्पिनोसस. नेरूळच्या एका काकूंनी परवाच विचारलं, "अहो, ते लाल पळणारे मारायचे ना?" नाही काकू, आधी नीट बघायचं.

रंगावरून ओळखणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. परभक्षी कोळ्याचं अंग अर्धपारदर्शक असतं आणि पोटात गेलेलं बाहेरून दिसतं. उपाशी असला तर फिकट पिवळसर, लाल कोळी खाऊन आला की तांबूस. उलट लाल कोळी म्हणतात तो दोन ठिपक्यांचा कोळी, म्हणजे टेट्रानायकस अर्टिसी, हिरवट-पिवळा आणि दोन्ही कुशींवर काळसर डाग असलेला असू शकतो. म्हणजे शत्रू फिका आणि मित्र लाल, असंही चित्र दिसतं.

रंग सोडा, चाल बघा. दहापट भिंग घ्या, पान उन्हाकडे धरा आणि मिनिटभर न हलवता थांबा. लाल कोळी जाळ्यात बसून रस ओढतो आणि हलला तरी सावकाश. अंग गोलसर, पुढच्या बाजूला दोन बारीक लाल डोळे. परभक्षी कोळ्याला डोळेच नसतात. तो अर्धा मिलीमीटरसुद्धा भरत नाही, पुढे निमुळता, मागे फुगीर, पाठ चकचकीत, पाय लांब. पायांची पहिली जोडी तो चालायला फारशी वापरत नाही. ती पुढे उचलून पानावर चाचपत जातो, कारण वास आणि स्पर्श कळणारे केस त्या पायांच्या टोकाला असतात. जाळ्याशी पोचला की थबकतो, वळतो आणि आत शिरतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुन्हा चुकायला होत नाही.

अंडीही बघा. लाल कोळ्याचं अंडं वाटोळं असतं. परभक्षीचं लांबट आणि त्याहून मोठं, बहुतेकदा शिरेलगत किंवा जाळ्याच्या धाग्याला चिकटलेलं. पानामागची पांढरी धूळ मात्र अंडी समजू नका, ती टाकलेली कात असते.

पाय मोजून निकाल लावणं

सहा पाय दिसले म्हणून 'हा कीटक' असं ठरवू नका. अंड्यातून निघालेल्या कोळ्याच्या पिल्लाला सहाच पाय असतात, आठ होतात ते पुढच्या अवस्थेत. मोगऱ्याच्या पानांवर पांढरी मखमल आणणाऱ्या सूक्ष्म कोळ्याला तर जन्मभर चारच पाय.

खरा फरक तोंडात आहे, पण तो भिंगातून दिसत नाही. लाल कोळ्याचं तोंड सुईसारखं. ती पेशीत खुपसून तो हरितद्रव्यासकट रस ओढतो, म्हणून पानावर पांढरे ठिपके पडतात. परभक्षीच्या तोंडाशी दातेरी चिमटे असतात, त्यात भक्ष्य धरून तो त्याचा रस शोषून घेतो. त्याची श्वासाची भोकंही अंगाच्या कडेला, मागच्या पायांच्या बुंध्याशी असतात आणि तिथून एक बारीक खोबण पुढे जाते. लाल कोळ्याची तोंडाजवळ असतात. ठिपके पडलेल्या पानावर परभक्षी सापडला तर ते नुकसान त्याचं नव्हे. त्या तोंडाने ठिपके पडतच नाहीत.

मोबाइलच्या फोटोवरून प्रजातीचं नाव ठरवणं

फोटोवरून 'परभक्षी कोळी' इतपत म्हणता येईल, त्यापुढे नाही. लॉन्जिस्पिनोससची पाठ एका ढालीने झाकलेली असते आणि तिच्यावर ठराविक जागी मोजके केस असतात. ते इतर अनेक प्रजातींपेक्षा लांब असतात. जाळ्याचे धागे या केसांवर अडतात, अंगाला गुंडाळत नाहीत, म्हणून हा जाळ्यात बिनधास्त फिरतो असं मानलं जातं. पण पक्की ओळख पटवायची तर मादीचं शुक्राशय, पोटाखालच्या ढाली आणि चौथ्या पायावरचे मोठे केस काचपट्टीवर, चांगल्या सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात. तज्ज्ञही चकतात: जपानमध्ये बराच काळ लॉन्जिस्पिनोसस म्हणून नोंदलेला कोळी पुढे निओसीयुलस वोमर्सलेयी निघाला.

दुसऱ्या देशाचा सल्ला ठाण्याला लावणं

इंटरनेटवर परभक्षी कोळी शोधला की पहिलं नाव येतं फायटोसीयुलस पर्सिमिलिस. नाव मोठं आहे, यात वाद नाही. 1957 साली अल्जीरियातल्या नमुन्यांवरून त्याचं वर्णन झालं, चिलीहून आलेल्या ऑर्किडांबरोबर तो जर्मनीत पोचला आणि तिथून युरोपातल्या हरितगृहांमध्ये पसरला. पण त्याला साधारण 20 ते 27 अंशांची हवा मानवते आणि तिशीच्या वर त्याचं काम मंदावतं. एप्रिलच्या दुपारी घोडबंदर रोडवरच्या पश्चिमेकडच्या ग्रिलमध्ये त्याने काय करावं? लाल कोळी मात्र त्याच उकाड्यात आठ-दहा दिवसांत नवी पिढी काढतो.

लॉन्जिस्पिनोससचं वर्णन 1952 मध्ये इंडोनेशियातल्या नमुन्यांवरून झालं. भारत, पाकिस्तान, श्रीलंका, थायलंड, मलेशिया, फिलिपिन्स, तैवान, चीन, पापुआ न्यू गिनी, ऑस्ट्रेलिया असा त्याचा पसारा. बराचसा उष्ण आणि दमट मुलूख, म्हणजे आपल्याच खाडीकाठासारखा. 25 ते 30 अंशांना तो अंड्यापासून प्रौढ व्हायला आठवडाही घेत नाही. माझं स्पष्ट मत: परदेशी जातीचा हट्ट सोडा आणि कुंडीत आपसूक आलेल्याला जगू द्या. परदेशातून जिवंत मित्रकीटक मागवायला 2003 च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार परवाना लागतो, हेही लक्षात असू द्या.

झुरळांचा फवारा आणि 'सगळ्यावर चालणारं' औषध

कोळी हा कीटक नव्हे, तो विंचू-कातिणींच्या गोतातला, म्हणून कीटकनाशक त्याला लागेलच असं नाही. झुरळ-डासांच्या फवाऱ्यातली पायरेथ्रॉइड्स परभक्षी आधी मारतात, लाल कोळी बऱ्याचदा तगतो आणि दोन आठवड्यांत दुप्पट जोमाने परततो. इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकानंतर लाल कोळ्यांचा उद्रेक झाल्याच्या नोंदी अनेक झाडांवर आहेत. गंधकाने दोन्ही मरतात, वर उन्हात पानंही करपतात.

त्यापेक्षा पाण्याचा जोरदार फवारा पानाच्या मागून, सकाळी, दोन-तीन दिवसांआड. जाळी तुटते, लाल कोळी वाहून जातात, आणि मुख्य म्हणजे धूळ जाते. हा धुळीचा मुद्दा कोणी मनावर घेत नाही. मेट्रोचं काम, शेजारच्या टॉवरचं काम, ट्रक... पानावर थर बसतो, परभक्षीला वावरायला त्रास होतो, लाल कोळ्याचं फावतं. रस्त्याकडच्या कुंड्यांवर प्रादुर्भाव जास्त दिसतो, त्यात हे एक कारण असतं. अगदी जाळ्यांनी वेढलेली पानं तोडून पिशवीत बांधून टाका, पण परभक्षी दिसत असलेली पानं ठेवा.

त्याच्याकडून नको त्या अपेक्षा

जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण तो खात नाही. मोगऱ्याच्या मखमलीवर त्याचा भरवसा धरू नका, ती पानं छाटा. मिरचीच्या बोकड्यासाठी, म्हणजे पानं आकसण्यासाठी, आधी पान बघा: कडा वर वळल्या असतील तर फुलकिडे, खाली वळल्या असतील तर पिवळा कोळी. आणि येऊरकडे पहिल्या पावसात कधीमधी दिसणारा मखमली मृगाचा किडा हाही कोळीच, पण त्याचा संसार मातीतला. तो उचलून गुलाबावर सोडू नका, बिचारा मरेल.

नाव पक्कं करायचंच असेल तर कोळी ओल्या बारीक ब्रशने उचलून 70 टक्के अल्कोहोलच्या कुपीत टाका. फोनमधला फोटो पुरत नाही. चिठ्ठीवर पेनऐवजी पेन्सिलने लिहा, शाई अल्कोहोलमध्ये विरघळते: झाड, जागा, तारीख, कोळी जाळ्यात होता की बाहेर. ठाणे जिल्हा दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. कुपी पाठवण्याआधी तिथल्या कीटकशास्त्र विभागाशी बोलून घ्या, आणि एकच नको, पाच-सहा माद्या द्या. काचपट्टी करताना एखादी बिघडतेच.