मोटारसायकलवर लॅपटॉपचं जीपीएस: या चुका टाळा

‘फोन असताना लॅपटॉप कशाला?’ असं विचारणाऱ्यांनी हा लेख सोडून दिला तरी चालेल. रेंज नसलेल्या भागात आठ-आठ दिवस गाडी चालवायची, मुक्कामाला मोठ्या स्क्रीनवर उद्याचा रस्ता आखायचा आणि आलेल्या रस्त्याची नोंदही ठेवायची, असं ज्यांना हवंय त्यांच्यासाठी हे आहे. मंडळी हौशी असतात, पण घाई भारी. त्यामुळे वर्षानुवर्षं मला प्रश्न येतात ते तेच ते.

पहिली चूक एका ओळीत संपवतो: लॅपटॉप उघडा करून टाकीवर बांधू नका. ताशी ६० किलोमीटरच्या वेगात दोन सेकंद स्क्रीनकडे पाहिलंत की गाडी ३३ मीटर आंधळी गेली, आणि भर उन्हात त्या स्क्रीनवर दिसणार काय, तर तुमचंच हेल्मेट. लॅपटॉप बॅगेत, वळणं सांगणारा आवाज इअरफोनमधून एका कानात. यावर वाद घालायला मी बसत नाही.

आता बॅगेत ठेवायचा म्हणजे झाकण मिटायचं, आणि इथेच बहुतेक जण फसतात. मीही फसलो होतो. सकाळी रस्ता लावला, झाकण मिटलं, निघालो. कानात काहीच येईना. मला वाटलं, सरळच जायचं असणार, वळण आलं की सांगेलच. तब्बल ४० किलोमीटर ‘सरळ’ गेल्यावर चहाला थांबलो आणि बॅग उघडली, तर लॅपटॉप निघाल्यापासून गाढ झोपलेला. झाकण मिटलं की झोपायचं, ही त्याची मूळ सवय. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ‘झाकण मिटल्यावर काहीही करू नका’ हे बॅटरी आणि चार्जर या दोन्हींसाठी निवडावं लागतं. मी फक्त चार्जरसाठी निवडलं होतं!

त्या दिवसापासून कानातल्या शांततेवर माझा विश्वास नाही. रस्ता आखतानाच मी दर पाच-सात किलोमीटरवर एक फालतू थांबा टाकून ठेवतो. तो आला की आवाज येतो. नाही आला, तर गाडी बाजूला घेतो.

झोप उडवली की पुढची चूक लगेच हजर असते. धक्के बसू नयेत म्हणून लोक चालू लॅपटॉप चारही बाजूंनी स्पंजमध्ये गुंडाळतात. म्हणजे पंख्याचं तोंड दाबून त्याला पळायला लावायचं. तापला की तो आधी मंदावतो, मग स्वतःच बंद पडतो. मी फक्त चार कोपऱ्यांना कडक स्पंजचे तुकडे लावतो, हवेची जाळी मोकळ्या बाजूला ठेवतो आणि त्याच पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ५० टक्क्यांवर आणतो. नकाशाला त्याहून जास्त लागत नाही. आणि जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली डिस्क, बसवा. त्या डिस्कचं हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. इंजिनाची थरथर त्याला सोसत नाही.

आता माझी लाडकी चूक. तिने माझे तीन दिवस खाल्ले.

यूएसबी रिसीव्हर, म्हणजे जीपीएस उपग्रहांचा सिग्नल पकडून लॅपटॉपला जागा सांगणारी डबी, नवा होता. तो लावून लॅपटॉप सुरू केला आणि माउसचा बाण अंगात आल्यासारखा नाचायला लागला. आपोआप क्लिक होतायत, मेनू उघडतायत, एक फाइल तर कचऱ्यातही गेली. मला वाटलं व्हायरस. स्कॅन केलं. मग वाटलं टचपॅड बिघडला, तो बंद केला. शेवटी चिडून विंडोज नव्याने टाकलं. बाण पुन्हा नाचतोय! तिसऱ्या रात्री नुसता बघत बसलो तेव्हा लक्षात आलं की उड्या बरोबर सेकंदाला एक या तालात पडतायत. सेकंदाला एकदा काय येतं? रिसीव्हरची माहिती.

झालं होतं असं. हे रिसीव्हर जुन्या सीरियल पोर्टचं, म्हणजे पूर्वी माउस वगैरे लावायच्या भोकाचं, सोंग घेऊन बोलतात. विंडोज सुरू होत असतानाच त्यांची बडबड चालू असेल तर विंडोजला वाटतं, हा जुना सीरियल माउस आहे. मग तुमचे अक्षांश-रेखांश म्हणजे माउसच्या हालचाली. उपाय दोन मिनिटांचा: डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या यादीत ‘सीरियल बॉलपॉइंट’ नावाचा पाहुणा दिसेल, तो डिसेबल करा. अनइन्स्टॉल करू नका, पुढच्या वेळी परत येतो. माझी सवय त्याहून साधी आहे. लॅपटॉप पूर्ण सुरू होऊ देतो, मगच रिसीव्हर लावतो, आणि तोही नेहमी त्याच भोकात. भोक बदललं की विंडोजने त्या सीरियल पोर्टला दिलेला नंबर (‘कॉम ३’, ‘कॉम ४’ असा) बदलू शकतो आणि नकाशाचं सॉफ्टवेअर जुन्याच नंबरवर वाट पाहत बसतं. माझ्या पोर्टशेजारी लाल टेपचा तुकडा आहे.

रिसीव्हर लावल्या लावल्या सुटू नका. उपग्रह आपली माहिती सेकंदाला फक्त ५० बिट या गतीने पाठवतो. त्याची कक्षा कळायला मोकळ्या आकाशाखाली साधारण अर्धा मिनिट सलग सिग्नल लागतो. झाडाखालून, इमारतींमधून पळत राहिलात की दर वेळी तुटतो आणि पुन्हा पहिल्यापासून. थांबा, हातमोजे घाला, साखळीला तेल द्या. रिसीव्हर पत्र्याच्या डब्यात ठेवून ‘सिग्नल नाही’ म्हणणाऱ्यांना मी उत्तर देणं सोडलंय.

वीज. लॅपटॉपचा ६५ वॅटचा चार्जर गाडीच्या १२ व्होल्टवर साडेपाच अँपिअरच्या आसपास खेचतो. गाडीची ९ अँपिअर-तासाची बॅटरी इंजिन बंद असताना तासाभरात स्टार्टर फिरवायच्या लायकीची राहणार नाही. त्यात इन्व्हर्टर म्हणजे डीसीचं एसी करायचं आणि चार्जरने परत डीसी, दोन्हीकडे गळती. सरळ डीसी ते डीसी कन्व्हर्टर घ्या आणि इंजिन सुरू झाल्यावरच चालू करा, कारण स्टार्टर मारताना व्होल्टेज कोसळतं. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाजवळच हवा. ‘नंतर लावतो’ म्हणणाऱ्याने एवढंच आठवावं की ती वायर सीटखाली घासली गेली तर शेजारीच पेट्रोलची टाकी आहे.

जुन्या रिसीव्हरवर तारीख वीसेक वर्षं मागची दिसली तर घाबरू नका. जीपीएस तारीख आठवडे मोजून सांगतं आणि तो आठवड्यांचा आकडा जुन्या पद्धतीत १०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो, तसा तो एप्रिल २०१९ मध्ये आला. जागा बहुधा बरोबरच दाखवेल.

जागा चुकते ती दुसऱ्याच कारणाने. कुणी ‘२०.३०’ असं लिहून पाठवतं आणि तुम्ही ते २० अंश ३० मिनिटं म्हणून भरता. दशांशात ते २० अंश १८ मिनिटं होतं. फरक २२ किलोमीटरचा. मुक्कामाचं ठिकाण भरल्यावर आधी नकाशा मोठा करून बघा, तिथे खरंच काही आहे का.