रेंज फुल्ल, पण पावती जाईना

रावेरला केळीच्या वजनकाट्यावर पावत्या करणारं माझं अँड्रॉइड अ‍ॅप. काट्यावरून रोज फोन यायचा, "भाऊ, टावर फुल्ल हाये, पावती जात नाही!"

चूक माझीच. मी फक्त 'इंटरनेट' ही कॅपॅबिलिटी, म्हणजे नेटवर्क काय करू शकतं याची अँड्रॉइडने दिलेली नोंद, तपासत होतो. ती एवढंच सांगते की नेटवर्क इंटरनेटसाठी आहे. खरंच बाहेर पोचतंय का, ते 'व्हॅलिडेटेड' ही दुसरी कॅपॅबिलिटी सांगते; अँड्रॉइड 6 पासून आहे, मीच वाचलं नव्हतं. मग डीफॉल्ट नेटवर्क कॉलबॅक (वापरातलं नेटवर्क बदललं की अ‍ॅपला कळवणारी सोय) लावून दोन्ही बघू लागलो.

तरी व्हॅलिडेट झालेलं नेटही मध्येच मरतं, लाइट गेली की हमखास. म्हणून पावती आधी फोनमध्येच साठवतो आणि सर्व्हरचं उत्तर आल्यावरच हिरवी खूण करतो. प्रत्येक पावतीला वेगळा आयडी दिलाय, नाहीतर पावती पुन्हा पाठवताना एकच ट्रक हिशेबात दोनदा चढायचा.