हिवताप: गटारावर फवारणी आणि गच्चीवरची टाकी उघडी? या चुका टाळा

पावसाळा आला की सोसायटीतल्या गटारांवर फवारणी होते आणि सगळे निर्धास्त होतात. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मुंबईसारख्या शहरात हिवताप पसरवणारा ॲनोफिलिस स्टिफेन्सी हा डास सहसा गटारात अंडी घालत नाही. त्याला स्वच्छ, साचलेलं पाणी लागतं: झाकण नीट न बसणारी टाकी, बांधकामावर स्लॅबला पाणी मारून केलेली तळी, लिफ्टच्या खड्ड्यातला पाझर, वापरात नसलेली विहीर. १९११ साली मुंबईतल्या हिवतापाची पाहणी करणाऱ्या डॉ. बेंटली यांनीही विहिरींवरच बोट ठेवलं होतं. गटारातला डास बहुधा क्युलेक्स; तो हत्तीरोग पसरवतो.

शंका असेल तर पांढऱ्या वाडग्यात पाणी घेऊन पाहा. अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडलेली दिसली तर ती ॲनोफिलिसची. डोकं खाली करून तिरकी लोंबकळत असेल तर दुसऱ्या जातीची.

‘पाऊस जास्त, म्हणून हिवताप जास्त’ हेही सरसकट खरं नाही. मुसळधार पावसात अळ्या वाहून जातात. खरा धोका पाऊस उघडल्यावर असतो. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात नाल्यांचा जोर ओसरतो, कडेला डबकी उरतात, भातखाचरांत पाणी असतंच. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मच्छरदाणी गुंडाळून ठेवू नका. हिवतापाचा डास मुख्यतः रात्री चावतो.

आता तापमान. रुग्णाला चावलेला डास लगेच रोग देऊ शकत नाही. त्याच्या पोटात हिवतापाचा परजीवी (रोगाचा सूक्ष्म जंतू) वाढायला २५ ते २८ अंशांत साधारण १० ते १४ दिवस लागतात. १६ अंशांखाली ही वाढ जवळपास थांबते. तेवढे दिवस डास जगला पाहिजे, आणि दमट हवेत तो जास्त जगतो. धुराच्या फवारणीने उडते डास मरतात, अळ्या तशाच राहतात. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून पिंप आणि हौद आठवड्यातून एकदा रिकामे करून, घासून कोरडे करायचेच.

आणि थंडीत डास कमी म्हणून तापाकडे दुर्लक्ष करू नका. व्हायवॅक्स प्रकारचा परजीवी यकृतात महिनोन्‌महिने दडून राहतो आणि डास न चावताही पुन्हा ताप आणतो. रक्त तपासून घ्या. डॉक्टरांनी यकृतातला हा परजीवी मारणाऱ्या प्रायमाक्विन गोळ्यांचा १४ दिवसांचा कोर्स दिला असेल, तर ताप उतरल्यावर तो मध्येच सोडू नका.