फ्रेंच रेझिस्टन्सचे लष्करी लीडर्स: गोंधळ न होता कसं वाचायचं

फ्रेंच रेझिस्टन्सबद्दल, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी फ्रान्स घेतल्यावर त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या भूमिगत लढ्याबद्दल, वाचायला घेतलं की पहिल्या काही पानांतच डोकं गरगरतं, प्रत्येक माणसाला दोन-तीन नावं, प्रत्येक संघटनेचा शॉर्टफॉर्म, आणि लीडर कोण म्हणाल तर प्रत्येक पुस्तक वेगळं नाव पुढे करतं. म्हणून सगळ्यात आधी "यांचा सेनापती कोण होता" हा प्रश्न सोडा. कुठल्या महिन्यात, कुठल्या भागात, कुठल्या संघटनेचा, असं विचारा, लगेच फरक जाणवेल.

महिना का, ते जून 1943 वरून कळतं. 9 जूनला पॅरिसच्या ला म्युएत मेट्रो स्टेशनपाशी जनरल शार्ल देलेस्त्राँ पकडले गेले, टोपणनाव व्हिदाल, 'आर्मे सक्रेत' म्हणजे गुप्त सेनेचे प्रमुख. साठी ओलांडलेला रिटायर्ड रणगाडा-अधिकारी, आणि गंमत म्हणजे युद्धाआधी द गॉल, म्हणजे पुढे लंडनहून लढा चालवणारे जनरल, हेच देलेस्त्राँच्या हाताखाली होते. 13 जूनला जनरल ओबेर फ्रेर पकडले गेले, ते 'ओआरए' या दुसऱ्या लढाऊ संघटनेचे प्रमुख. 21 जूनला लिऑनजवळ कालुईरमध्ये जाँ मूलाँ. दोन आठवड्यांच्या आत वरची फळीच साफ. देलेस्त्राँना 19 एप्रिल 1945 ला डाखाऊच्या छळछावणीत गोळी घातली, छावणी मुक्त व्हायला फक्त दहा दिवस बाकी होते. त्यामुळे कुठल्याही नावापुढे "प्रमुख" लिहिलेलं दिसलं की कधीपासून कधीपर्यंत ते शोधा, बऱ्याचदा काही महिनेच निघतात. आणि मूलाँना लष्करी लीडर्सच्या यादीत घालू नका, ते सिव्हिलियन, प्रीफे म्हणजे आपल्या कलेक्टरसारखे अधिकारी होते, त्यांचं काम सगळ्यांची मोट बांधायचं.

मग संघटना. आर्मे सक्रेत ही दक्षिणेतल्या मोठ्या चळवळींच्या लढाऊ गटांना एकत्र करून झाली. ओआरए म्हणजे व्हिशी सरकारच्या, म्हणजे जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या फ्रेंच सरकारच्या, उरल्यासुरल्या सैन्यातले अधिकारी, नोव्हेंबर 1942 मध्ये जर्मनांनी दक्षिण फ्रान्सही घेतला, ते सैन्य बरखास्त झालं, तेव्हा हे लोक भूमिगत झाले, आणि म्हणूनच बाकीचे त्यांच्याकडे "इतके दिवस कुठे होतात" अशा नजरेने बघायचे. एफटीपी कम्युनिस्टांची, प्रमुख शार्ल तियों. 1 फेब्रुवारी 1944 ला या तिघांचं कागदावर विलीनीकरण झालं आणि एफएफआय ही एकत्र सेना बनली, तिचे कमांडर जनरल केनिग, आणि ते बसले होते लंडनला! कागदावर हा शब्द मुद्दाम वापरला, कारण गावपातळीवर एफटीपीवाले बऱ्याच ठिकाणी आपल्याच वरिष्ठांचं ऐकत राहिले. हे लक्षात ठेवलं नाही तर 1944 च्या उन्हाळ्यातली भांडणं कळतच नाहीत.

नावांसाठी वहीत दोन कॉलम करा, खरं नाव आणि टोपणनाव, आळस करू नका. आंरी तांगी हा धातूकारखान्यातला कामगार, स्पेनच्या यादवी युद्धात लढलेला, तिथे मारल्या गेलेल्या तेओ रोल या मित्राचं नाव त्याने घेतलं आणि पॅरिस भागाच्या एफएफआयचा कर्नल रोल झाला, युद्धानंतर रोल-तांगी. जाक देल्मासचं टोपणनाव शाबाँ, तो 29 व्या वर्षी जनरल झाला आणि पुढे शाबाँ-देल्मास म्हणून फ्रान्सचा पंतप्रधान. 'कोमाक' नावाच्या लष्करी समितीतल्या तिघांची टोपणनावं तर व्हियों, व्हायाँ आणि व्हालरिमों, त्यांना तीन व्ही म्हणायचेच. कॉलम नाही केलेत तर इथे नक्की आपटणार.

हुद्द्यांवर पटकन विश्वास ठेवू नका. तूलूझ भागाचा एफएफआय प्रमुख सेर्ज राव्हानेल कर्नल झाला तेव्हा 24 वर्षांचा होता, पण त्याच्यामागे भूमिगत कामाची वर्षं होती. उलट 1944 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये काही जुने अधिकारी अचानक कडक इस्त्रीच्या युनिफॉर्ममध्ये उगवले, त्यांना लोक डांबरगोळीवाले म्हणायचे, कारण चार वर्षं तो युनिफॉर्म कपाटात होता. म्हणजे हुद्द्यापेक्षा तो मिळाला कधी ते बघा.

लीडर चांगला होता का, हे ठरवायचं तर निर्णय घेऊन तुलना करा. आपण मराठी माणसं लगेच गनिमी कावा म्हणून मोकळे होतो, पण आल्प्समधल्या ग्लिएरच्या पठारावर नेमकं उलटं झालं. लेफ्टनंट तॉम मोरेल, आधी साँ-सीर या लष्करी अकादमीत शिकवणारा अधिकारी, साडेचारशेच्या आसपास पोरं घेऊन बर्फाळ पठारावर बसला, कारण ब्रिटिश विमानांतून पडणारी शस्त्रं तिथे गोळा करायची होती. मार्च 1944 मध्ये व्हिशीच्या पोलिसांवर धाड टाकताना तो मारला गेला, पकडलेल्या अधिकाऱ्याने लपवलेलं पिस्तूल काढलं. त्याच्या जागी कॅप्टन आंजो आला, त्याने जर्मन हल्ल्यात शेवटी पांगायचा हुकूम दिला आणि दुसऱ्याच दिवशी तोही गेला. जुलैमध्ये व्हेर्कोरच्या पठारावर तेच मोठ्या प्रमाणात, सुमारे 4000 माणसं, प्रमुख फ्राँस्वा ह्युए, आणि 21 तारखेला जर्मन ग्लायडर थेट व्हासियो गावात उतरले.

आता याच्या शेजारी जॉर्ज गँग्वाँला ठेवा. लिमोजकडचा शाळामास्तर, कम्युनिस्ट. जून 1944 मध्ये पक्षाने सांगितलं शहर घे, हा नाही म्हणाला, अजून वेळ नाही म्हणे. शेजारच्या तूलमध्ये एफटीपीने शहर घेतलं, तर 9 जूनला एसएसने, म्हणजे नाझींच्या खास फौजेने, 99 पुरुषांना फासावर लटकवलं. गँग्वाँने लिमोज ऑगस्टपर्यंत वेढून ठेवलं आणि 21 तारखेला शहरात रक्तपात न होता मिळवलं. माझ्या मते या सगळ्यांत डोकं सगळ्यात थंड याचंच होतं, पण पक्षाने पुढे त्यालाच बाहेर काढलं. ग्लिएरच्या पोरांना मूर्ख म्हणायचा मोह मात्र टाळा, शस्त्रं दुसरीकडे कुठून येणार होती?

शोधायला ऑनलाइन तीन ठिकाणं पुरतात. फ्रेंच संरक्षण मंत्रालयाची 'मेम्वार देझ ओम' साइट, 'मेत्रों' हा कामगार चळवळीचा चरित्रकोश, तो एफटीपीवाल्यांसाठी बेस्ट, आणि ऑर्डर ऑफ लिबरेशन या सन्मानाची साइट, तिथे 1038 जणांची चरित्रं आहेत. त्या 1038 मध्ये बायका फक्त 6, म्हणून यादीत नाव नाही म्हणजे माणूस छोटा असं समजू नका, 'आलियान्स' हे अख्खं हेरगिरीचं जाळं चालवणारी मारी-मादलेन फुर्काद त्यात नाही. फ्रेंच येत नसेल तर ब्राउझरचं भाषांतर वापरा, पण नाव फ्रेंच स्पेलिंगनेच टाका, आणि भाषांतर कधीकधी टोपणनावाचंही भाषांतर करून ठेवतं, तेवढं बघा. आपल्याकडे नूर इनायत खानमुळे बरेच जण या विषयात शिरतात, छान आहे, पण ती ब्रिटिशांच्या एसओई या गुप्त संघटनेची रेडिओ ऑपरेटर, वरच्या फ्रेंच संघटनांत ती बसत नाही, तिच्यासाठी वेगळं पान करा.

पॅरिसला जाणार असाल तर दाँफेर-रोशरो चौकातलं लिबरेशन म्युझियम सोडू नका, कॅटाकॉम्ब या भुयारी अस्थिघराच्या समोरच आहे. सुमारे शंभर पायऱ्या उतरून 20 मीटर खाली गेलं की ऑगस्ट 1944 च्या उठावातलं रोल-तांगीचं कमांड पोस्ट. वर आल्यावर 25 ऑगस्टच्या जर्मन शरणागतीबद्दल वाचा, त्या कागदावर द गॉलच्या सैन्याचे जनरल लक्लेर यांच्याबरोबर रोलचीही सही आहे आणि द गॉलना ते अजिबात आवडलं नव्हतं, लक्लेरला त्यांनी तिथेच सुनावलं, त्यावरून कोण कोणाला लीडर मानत होतं ते बरोबर कळतं. कायमचं प्रदर्शन फुकट आहे, खालच्या बंकरसाठी बुकिंग लागतं का ते साइटवर बघून जा, आणि सोमवारी जाऊ नका, बंद असतं.