कामिनोला निघताना: तिकिटं कुठून, कुठवर आणि कधी काढायची

आमच्या दिंडीतल्या दोघांनी परवा विचारलं, "काका, स्पेनची ती पायी यात्रा करायचीय. आधी काय घेऊ, बूट की सॅक?" मी म्हटलं, आधी परतीची तारीख घ्या. पंढरपूरला पोचल्यावर परतीचं बघायचं ही आपली सवय. एसटी मिळते, नाहीतर गावाकडचा कुणीतरी जीप घेऊन आलेला असतो. सान्तियागोहून तशी जीप मिळत नाही. तिथे पाय दुखतात ते दुखतातच, पण यात्रेचा विचका होतो तो चुकीच्या दिवशी काढलेल्या विमानाच्या तिकिटानं.

हे सगळं कामिनो फ्रान्सेस या वाटेबद्दल आहे. फ्रान्सच्या सीमेवरच्या सँ-झाँ-पिए-द-पोर या गावातून निघून पिरनीज पर्वत ओलांडायचा आणि उत्तर स्पेन आडवा तुडवत सान्तियागो दे कोम्पोस्तेला गाठायचं. अंतर सुमारे ७८० किलोमीटर, म्हणजे आळंदी-पंढरपूरच्या तिप्पट. दिवसाला २३-२४ किलोमीटर धरले तर ३३ दिवस होतात आणि सगळे हाच आकडा धरतात. त्यात विश्रांतीचे दोन दिवस घाला, फोडांचे आणि पावसाचे मिळून दोन घाला, सान्तियागोत दोन मुक्काम ठेवा आणि जायचे-यायचे दिवस मिळवा. ४२-४३ दिवस होतात. साठीच्या पुढचे असाल तर ४५ धरा. दोन दिवस आधी पोचलात तर फिस्तेराला समुद्रावर जाऊन याल, बस जाते. दोन दिवस कमी पडले तर मात्र शेवटचे १०० किलोमीटर पळत काढावे लागतील, आणि कोम्पोस्तेला हे प्रमाणपत्र हवं असेल तर नेमका तोच टप्पा पायी पुरा करावा लागतो. ज्यांच्याकडे आठवडाभराचीच रजा आहे ते म्हणूनच सारियापासून सुरुवात करतात. तिथून साधारण ११५ किलोमीटर उरतात.

महिना ठरवताना तीन गोष्टी पाहा. सँ-झाँहून डोंगरमाथ्यावरून जाणारी नेपोलियनची वाट १ नोव्हेंबर ते ३१ मार्च बंद असते, त्या काळात खालून व्हाल्कार्लोसमार्गे जावं लागतं. ६ ते १४ जुलै पाम्पलोनात सान फेर्मीनचा, बैलांपुढे पळण्याचा उत्सव असतो. त्या दिवसांत तिथे खोली शोधू नका आणि बसच्या भरवशावरही राहू नका. तिसरी गोष्ट २०२७. सान्तियागोचा, म्हणजे संत याकोबाचा, सण २५ जुलैला असतो आणि तो रविवारी आला की ते पवित्र वर्ष धरतात. २०२७ तसं आहे, पुढचं थेट २०३२. आषाढीची गर्दी आपल्याला नवी नाही, पण तिथे रेल्वेचं तिकीट उभ्यानं मिळत नाही. २०२७ ला जायचंच असेल तर मे किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध बघा.

आता व्हिसा. उतरणार फ्रान्समध्ये असलात तरी जास्त दिवस स्पेनमध्ये जाणार, म्हणून अर्ज स्पेनकडे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज देता येतो. आपल्याकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत भेटीच्या वेळा मिळत नाहीत, तेव्हा लवकर हालचाल करा. निदान ३०,००० युरोचा आरोग्य विमा लागतो. राहण्याचा पुरावा मागतात आणि इथे चालणाऱ्याची अडचण होते, कारण यात्रेकरूंच्या सरकारी धर्मशाळा, ज्यांना अल्बेर्गे म्हणतात, आगाऊ जागा राखून ठेवत नाहीत. मोठ्या गावांमध्ये रद्द करता येतील अशा खोल्या घ्या आणि दिवसवार चालण्याचा तक्ता जोडा. तिकिटही रद्द होईल किंवा तारीख बदलता येईल असंच घ्या. अर्जात दिवस लिहिताना हात आखडता घेऊ नका. पोचण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस मोजले जातात, आणि व्हिसा मोजून मिळाला तर तुम्ही राखलेले फोडांचे दिवस कागदावर उरत नाहीत.

विमानाचं तिकीट नेहमीसारखं 'रिटर्न' काढू नका. 'मल्टी-सिटी' निवडा: मुंबईहून पॅरिस किंवा माद्रिद, परतताना सान्तियागो किंवा पोर्तुगालमधल्या पोर्तोहून मुंबई. सगळं एकाच आरक्षणात असू द्या. चार हजार वाचतात म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांची सुटी तिकिटं जोडली की पहिलं विमान उशिरा आल्यावर दुसऱ्याला तुमच्याशी काही देणंघेणं नसतं. लंडनमार्गे स्वस्त दिसलं तर थांबा: नुसत्या शेंगेन व्हिसावर (स्पेन-फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा, तुम्ही काढलेला तोच) आपल्या पासपोर्टाला तिथे विमान बदलायलाही वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागतो. दोहा, दुबई, इस्तंबूल यांपैकी काहीही चालेल. पुण्याच्या मंडळींनी मुंबईचा विमानतळ 'तीन तासांवर' धरू नये. विमानं बहुतेक रात्री-पहाटेची, म्हणजे संध्याकाळी घाटात अडकणार. मी जेवणाचा डबा घेऊन सहा तास आधी निघतो आणि घरचे हसतात.

सँ-झाँला पोचायच्या दोन वाटा. पहिली पॅरिसची. मुंबईहून थेट विमान आहे. विमानतळावरून शहर ओलांडून मोंपार्नास स्थानक गाठायचं, तिथून वेगवान गाडीनं सुमारे चार तासांत बायोन, आणि बायोनहून तासाभराची छोटी गाडी. या छोट्या गाडीच्या फेऱ्या दिवसाला मोजक्याच, कधी रुळांचं काम निघालं की त्याऐवजी बस सोडतात, रविवारचं वेळापत्रक निराळं. दुसरी वाट माद्रिदची: आतोचा स्थानकावरून रेल्वेनं किंवा थेट विमानतळाच्या टर्मिनल ४ वरून बसनं पाम्पलोना, आणि तिथून डोंगर चढून सँ-झाँला जाणारी बस. ही शेवटची बस हंगामीच असते, तेव्हा मार्चच्या शेवटी किंवा ऑक्टोबरनंतर जाणाऱ्यांनी ती चालू आहे का हे आधी बघावं. नसेल तर टॅक्सी. बसथांब्यावर सॅकवाले चौघे जमले की भाडं आपोआप वाटलं जातं.

माझं मत पॅरिसच्या बाजूनं, पण एका अटीवर: उतरल्या दिवशीच सँ-झाँ गाठायचा हट्ट नको. मी तो केला होता. सकाळी उतरणार, दुपारची गाडी, सात वाजता गावात, कागदावर सगळं चोख. विमान पाऊण तास उशिरा आलं, पासपोर्टच्या रांगेत सव्वा तास गेला, आणि मोंपार्नासला धापा टाकत पोचलो तर फलाटावर एक सफाई कर्मचारी तेवढा होता. नवं तिकीट जवळजवळ तिप्पट पैशांचं. बायोनला उतरलो तेव्हा छोटी गाडी निघून गेलेली. चूक माझीच, दोन तासांत पॅरिस ओलांडायचं ठरवणाऱ्या माणसाची. आता तर ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर शिक्क्याऐवजी चेहऱ्याचा फोटो घेऊन संगणकात नोंद करण्याची पद्धत टप्प्याटप्प्यानं आली आहे, म्हणून रांगेसाठी वेळ राखून ठेवाच. पहिली रात्र पॅरिसला किंवा बायोनला काढा. झोपेलाही ते बरं. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं आणि पहाटे दोनलाच जाग येते.

त्या चुकीमुळे सकाळची पहिली छोटी गाडी मात्र मिळाली. डबे मोजके, खिडकीला लागून नीव्ह नदी, आणि डब्यात जो तो दुसऱ्याच्या बुटांकडे बघतोय. कुणाचे कोरे, कुणाचे टाचेला झिजलेले. एका बाईंनी सॅकला शिंपला, या वाटेवरच्या यात्रेकरूची खूण, आधीच बांधला होता. उतरल्यावर कुणी कुणाला पत्ता विचारला नाही. सगळे एकामागे एक चढण चढून सिटाडेल रस्त्यावरच्या यात्रेकरू कार्यालयापुढे उभे राहिले. तिथे क्रेदेन्सियाल, म्हणजे मुक्कामागणिक शिक्के घ्यायची पुस्तिका, मिळते. त्या दिवशी चालायला लागू नका. पहिल्याच दिवशी १,२०० मीटरच्या वर चढ आणि रोन्सेस्व्हायेसपर्यंत २५ किलोमीटर आहेत. तो एका दमात झेपणार नसेल तर आठेक किलोमीटरवरच्या ओरिसोनच्या निवाऱ्यात जागा राखा, पण ती विमानाचं तिकीट निघाल्याबरोबर, कारण तिथे खाटा थोड्या.

सामानाचं थोडक्यात. सॅक आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढी. विमानात देताना पट्टे लोंबू देऊ नका, बाजारात मिळणाऱ्या मोठ्या पोत्यात घालून शिवून टाका. चालायच्या काठ्या आणि चाकू खालच्या सामानात, पॉवर बँक हातातल्या. दिंडीच्या ट्रकची सवय असलेल्यांना सांगतो, ट्रक तिथेही आहे: स्पेनचं टपाल खातं आणि काही खासगी मंडळी १५ किलोपर्यंतची पिशवी पुढच्या मुक्कामी नेऊन टाकतात. गालिसिया या सान्तियागोच्या प्रांतातल्या सरकारी धर्मशाळा अशी पिशवी उतरवून घेत नाहीत, तेव्हा त्या दिवशी खासगी ठिकाणी मुक्काम ठरवा.

मधल्या वाटेत पाय गेलाच तर पाम्पलोना, लोग्रोन्यो, बुर्गोस, लेओन या शहरांमधून बस आणि रेल्वे दोन्ही मिळतात. खेड्यातून कॅफेवाल्याला सांगितलं की तो टॅक्सी बोलावतो. लाज वाटून घेऊ नका. बुर्गोस ते लेओन या पठारावर मी दोन दिवस बसनं गेलो आहे आणि विठोबा रागावला नाही.

परतीला तीन पर्याय. सान्तियागोहून माद्रिदला वेगवान रेल्वे आहे, साडेतीन तासांच्या आसपास. तिकीट पासपोर्टवरच्या नावानंच काढा. पोर्तोला बस जाते आणि ती विमानतळावरही थांबते, फक्त लक्षात ठेवा की पोर्तुगालचं घड्याळ स्पेनपेक्षा तासभर मागे असतं आणि वेळापत्रकात पोचण्याची वेळ तिथलीच छापलेली असते. तिसरा सान्तियागोचा स्वतःचा विमानतळ, लाव्हाकोया. शेवटच्या दिवशी वाट याच धावपट्टीच्या कुंपणाला वळसा घालून जाते. पलीकडच्या ओढ्यात जुने यात्रेकरू शहरात शिरण्याआधी अंग धुवायचे. आपण तिथे घामेजून उभे, आणि डोक्यावरून पोट दाखवत विमान जातं. शहरातून तिकडे ६ए क्रमांकाची बस जाते. खिशात सुटी नाणी ठेवा, आणि विमान पहाटेचं असेल तर मुक्कामाच्या ठिकाणी आदल्या रात्रीच टॅक्सी सांगून ठेवा.