टेप कुठे धरायचा? मोठं झाड मोजण्याची रीत

गावातलं सगळ्यात मोठं झाड कोणतं, असं विचारा आणि गंमत बघा. एकाच्या मनात उंची असते, दुसऱ्याच्या मनात बुंध्याचा घेर, तिसऱ्याला चार गुंठ्यांची सावली दिसत असते. जगातल्या विक्रमी झाडांचंही असंच आहे. कॅलिफोर्नियातला हायपेरियन हा रेडवूड उंचीत पहिला. २००६ साली त्याच्या शेंड्यावर चढून टेप खाली सोडला तेव्हा तो ११५.५५ मीटर भरला. त्याच राज्यातला जनरल शेरमन हा सिकोया ८४ मीटरच्या आसपास, म्हणजे उंचीत बराच मागे, पण त्याच्या खोडात सुमारे १,४८७ घनमीटर लाकूड आहे, म्हणून आकारमानात तो पहिला. बुंध्याचा मान मेक्सिकोतल्या तुलेच्या झाडाकडे आणि पसाऱ्याचा भारतातल्या वडांकडे. तेव्हा घेर, उंची आणि पसारा हे तीन आकडे वेगवेगळे घ्यायचे आणि वेगवेगळेच लिहायचे.

सामान फारसं लागत नाही. ३० मीटरचा फायबरग्लासचा टेप, कंपासपेटीतला कोनमापक, एक स्ट्रॉ, दोरा, लोखंडी नट, गवंड्याकडचा ओळंबा, खडू, वही आणि १.३७ मीटरवर खूण केलेली काठी. शिंप्याचा टेप आणू नका. तो दीड मीटरचाच असतो आणि वापरून वापरून ताणलेला असतो. नायलॉनची दोरी त्याहून वाईट, कारण ओढाल तेवढी ती वाढते. सोबत एक माणूस हवाच. एकट्याने मोजलेला मोठा घेर भरवशाचा नसतो.

घेर

आपल्याकडे वनखात्याच्या कामात घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर घेतात. त्याला छातीच्या उंचीवरचा घेर म्हणतात. अमेरिकेतही साडेचार फूट म्हणजे हीच उंची, युरोपात मात्र १.३ मीटर. सात सेंटिमीटरचा फरक क्षुल्लक वाटतो, पण बुंधा खाली पसरट असेल तर तेवढ्यानेही आकडा हलतो. म्हणून घेराच्या शेजारी उंची लिहिलेली नसेल, तर त्या घेराची दुसऱ्या झाडाशी तुलना करू नये.

काठी बुंध्याला टेकवून उभी धरा आणि खडूने खूण करा. झाडाभोवती फिरत अशा चारपाच खुणा करा. एकाने टेपचं शून्य एका खुणेवर दाबून धरायचं, दुसऱ्याने टेप सगळ्या खुणांवरून फिरवत आणायचा. वाचण्याआधी एकाने पाचसहा पावलं मागे जाऊन टेप आडवा आहे ना, हे सगळ्या बाजूंनी बघायचं. मागच्या बाजूला टेप हमखास घसरलेला असतो. टेप तिरका झाला, ढिला राहिला किंवा एखाद्या गाठीवरून गेला, तर घेर प्रत्येक वेळी वाढतोच, कमी कधी होत नाही. म्हणून तीनदा मोजा आणि टेप सरळ असल्याची खात्री असलेल्या मापांतलं सगळ्यात लहान धरा.

उतारावरच्या झाडाला १.३७ मीटर चढाच्या बाजूने मोजायचे. खालून मोजाल तर टेप बुंध्याच्या फुगलेल्या भागावर बसेल. खोड त्या उंचीच्या खालीच दुभंगलं असेल तर प्रत्येक खोडाचा घेर वेगळा घ्या. दोघांची बेरीज करून एक भला मोठा आकडा सांगणं ही फसवणूक झाली. नेमक्या त्या उंचीवर गाठ किंवा फुगवटा असेल, तर त्याच्या वर आणि खाली सारख्याच अंतरावर माप घेऊन सरासरी काढा. शेवाळ, सैल साल, वेली बाजूला करा.

दोन अडचणी खास आपल्याकडच्या. पहिली पाराची. देवळासमोरच्या पिंपळाला दोनअडीच फूट उंच पार बांधून आत माती भरलेली असते. तिथे पारावर उभं राहून छातीची उंची धरली, तर मूळ जमिनीपासून माप दोन मीटरच्या आसपास जातं आणि घेर कमी येतो. पार नंतर बांधलेला असेल तर काठी बाहेरच्या जमिनीपासून धरा आणि पाराची उंची वहीत लिहा. दुसरी अडचण वटपौर्णिमेच्या सुताची. वर्षानुवर्षांचे थर नेमके छातीच्या उंचीवर असतात. ते तोडू नका. सुताच्या लगेच वर टेप लावा आणि किती उंचीवर लावला ते नोंदवा.

सावर, अर्जुन अशा झाडांना बुंध्याशी भिंतींसारखी आधारमुळं फुटतात. त्यांच्यावरून ताणलेला टेप दोन मुळांमधली पोकळी ओलांडून जातो आणि ती हवाही घेरात धरली जाते. वाहाकाजवळच्या तुलेच्या झाडाचं नेमकं हेच झालं. २००५ च्या मोजणीत त्याचा घेर ४२ मीटर भरला. खोड गोल असतं तर व्यास १३ मीटरच्या वर गेला असता. पण ते खोड घड्याघड्यांचं आहे. घड्या वगळून, निव्वळ लाकडाच्या हिशेबाने, व्यास ९.३८ मीटर येतो. तरीही तो प्रचंडच. आपल्या सावरीला टेप मुळांच्या वर, खोड गोल होतं तिथे लावा, मग शिडी लागली तरी चालेल.

उंची

सगळ्यात जास्त थापा इथेच चालतात. बहुतेक वेळा त्या मुद्दाम मारलेल्या नसतात, रीत चुकलेली असते.

कोनमापकाच्या सरळ कडेला स्ट्रॉ चिकटवा. मध्यबिंदूच्या भोकातून दोरा ओवून त्याला नट बांधा. स्ट्रॉ आडवी असताना दोरा ९० वर येतो. स्ट्रॉमधून शेंडा बघितला की दोरा सरकतो. ९० आणि आलेला आकडा यांच्यातला फरक म्हणजे तुमचा कोन. वाऱ्यात दोरा झुलतो, म्हणून तो थांबला की बोटाने दाबून धरा आणि वाचायचं काम सोबत्याला द्या. मग

उंची = झाडापर्यंतचं आडवं अंतर × कोनाचा टॅन्जंट + जमिनीपासून डोळ्याची उंची

फोनच्या कॅल्क्युलेटरमध्ये आधी टॅन ४५ करून बघा. उत्तर १ आलं पाहिजे. १.६२ आलं तर कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे, तो अंशांवर आणा. आकडेमोड टाळायची असेल तर कोन बरोबर ४५ येईल असं मागेपुढे सरका. सपाट जमिनीवर मग अंतर अधिक डोळ्याची उंची हीच झाडाची उंची. उतारावर बुंध्याचाही कोन घ्या. बुंधा डोळ्यांच्या खाली असेल तर दोन्ही टॅन्जंटची बेरीज, वर असेल तर वजाबाकी. त्या बेरजेला किंवा वजाबाकीला आडव्या अंतराने गुणायचं, डोळ्याची उंची मग वेगळी मिळवायची नाही.

जवळ उभे राहू नका. डोळ्यांच्या वर वीस मीटर असलेला शेंडा वीस मीटरवरून, म्हणजे ४५ अंशांत बघितला, तर कोनातल्या एका अंशाच्या चुकीने सत्तर सेंटिमीटरचा फरक पडतो. तोच शेंडा सात मीटरवरून, ७० अंशांत बघितला तर फरक एक मीटरच्या वर जातो. निदान झाडाच्या उंचीइतकं तरी मागे जा.

आता खरी मेख. वरचं सूत्र शेंडा बुंध्याच्या बरोबर वर आहे असं धरून चालतं. आंबा, वड, चिंच, गुलमोहर यांचा शेंडा तसा नसतो. समजा तुम्ही बुंध्यापासून २० मीटरवर उभे आहात आणि शेंडा म्हणून जी फांदी दिसतेय ती तुमच्याकडे पाच मीटर पुढे आलेली आहे, खरी उंची १५ मीटर. डोळे दीड मीटरवर धरले तर कोन ४२ अंश येतो. टॅन ४२ म्हणजे ०.९, गुणिले २० म्हणजे १८, अधिक दीड : झाड साडेएकोणीस मीटर! पंधरा मीटरच्या झाडात साडेचार मीटर हवेतून वाढले, आणि गणित मात्र बिनचूक. चूक होती अंतरात. ते बुंध्यापर्यंत नव्हे, शेंड्याच्या बरोबर खालच्या ठिपक्यापर्यंत मोजायला हवं होतं.

तो ठिपका ओळंब्याने सापडतो. लांब उभं राहून ओळंब्याची दोरी शेंड्याशी जुळवा आणि दोरी जमिनीवर जिथे दिसते त्या रेषेत सोबत्याला उभं करा. मग काटकोनात दुसऱ्या बाजूला जाऊन तेच करा. दोन्ही रेषा जिथे छेदतात तिथे खुंटी ठोका आणि अंतर खुंटीपर्यंत मोजा. वरच्या उदाहरणात ते १५ मीटर भरलं असतं. १५ गुणिले ०.९ म्हणजे साडेतेरा, अधिक दीड, बरोबर पंधरा.

लेझर रेंजफाइंडर असेल तर काम सोपं. शेंड्यापर्यंतचं तिरकं अंतर थेट मिळतं, त्याला कोनाच्या साइनने गुणायचं आणि डोळ्याची उंची मिळवायची. शेंडा पुढे असो वा मागे, काही बिघडत नाही. मात्र घराच्या आत मोजायला वापरतात तो लाल ठिपक्याचा मीटर उन्हात उपयोगाचा नाही.

सावलीवरून उंची काढण्याची शाळेतली रीत आपल्या उन्हाळ्यात सोडून द्या. मेच्या मध्यावर मुंबई-पुण्याकडे दुपारी सूर्य डोक्यावर येतो आणि शेंड्याची सावली झाडाच्याच सावलीत गडप होते. पानगळीच्या झाडांची उंची पानं गळल्यावर घ्या, शेंडा स्पष्ट दिसतो.

विक्रमाचा दावा असेल तर मात्र दुरून मोजलेलं पुरत नाही. बोर्निओतल्या साबा राज्यातलं मेनारा हे पिवळ्या मेरांती जातीचं झाड आधी विमानातल्या लेझरने दिसलं, पण आकडा पक्का झाला तो २०१९ साली माणूस वर चढून टेप सोडल्यावर : १००.८ मीटर. आशियातला पहिला नंबर तिथे टिकला नाही. २०२३ मध्ये तिबेटात १०२.३ मीटरचा सायप्रस सापडला.

पसारा

फांद्यांची टोकं जिथे संपतात त्याच्या खाली जमिनीवर खुणा करा. सगळ्यात लांब व्यास घ्या आणि त्याला काटकोनात दुसरा. ३२ आणि २४ मीटर आले तर सरासरी २८, त्रिज्या १४, क्षेत्रफळ सुमारे ६१६ चौरस मीटर, म्हणजे सहा गुंठ्यांच्या थोडं वर. वेड्यावाकड्या पसाऱ्याला ही रीत पुरत नाही. तिथे टोकांखालून फेरी मारत खुंट्या ठोका आणि शेत मोजतात तसे त्रिकोण पाडून मोजा. फोनच्या जीपीएसवर लहान झाड मोजू नका. त्याची चूक कित्येक मीटरची असते, एकरभर पसाऱ्यात ती खपते, सहा गुंठ्यांत नाही.

वडाला घेर विचारणंच कधीकधी फोल ठरतं. हावडाच्या वनस्पती उद्यानातल्या वडाचं मूळ खोड बुरशीने कुजलं म्हणून १९२५ मध्ये काढून टाकलं. झाड आज पारंब्यांवर उभं आहे, पसारा सुमारे १.८९ हेक्टर. आंध्रातल्या अनंतपूरकडच्या तिम्मम्मा मर्रिमानूने त्यालाही मागे टाकलंय. तुमच्या वडाच्या पारंब्या खोडाला मिळाल्या असतील तर घेर त्यांच्यासह की त्यांच्याशिवाय, ते लिहा.

वय

घेरावरून वय काढू नका. पाणी, माती, छाटणी यांनी घेर वाटेल तसा बदलतो, आणि गोरखचिंचेचं खोड तर पाणी धरतं तसं फुगतं आणि आटतं. सागाला आपल्या हवेत वर्षाचं वलय दिसतं, वडा-पिंपळाचा तसा भरवसा नाही. भोक पाडून नमुना काढणं तज्ज्ञांवर सोडा. १९६४ साली नेवाडात प्रोमिथियस नावाचा ब्रिसलकोन पाइन संशोधनासाठी परवानगीने तोडला आणि नंतर वलयं मोजली, तर ती ४,८०० च्या वर निघाली.

महाराष्ट्रात हा प्रश्न कायद्याचाही आहे. २०२१ च्या दुरुस्तीनुसार शहरी भागातलं ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं. अशा ठिकाणी जुने फोटो, नगरपालिकेचे नकाशे, देवळाच्या किंवा शाळेच्या बांधकामाचं साल हे पुरावे कुठल्याही सूत्रापेक्षा बरे.

नोंद

तारीख, झाडाचं स्थानिक आणि शास्त्रीय नाव, प्रत्येक माप कोणत्या रीतीने घेतलं, घेर किती उंचीवर घेतला, आणि खुणेची काठी बुंध्याशी उभी करून काढलेला फोटो, एवढं असलं की दहा वर्षांनी दुसरा कुणी तिथेच टेप लावू शकतो. झाड रानात, वाट नसलेल्या जागी असेल तर नेमकी जागा जाहीर करू नका. हायपेरियनचा पत्ता इंटरनेटवर फुटला, माणसांच्या पायांनी बुंध्याजवळची जमीन तुडवली गेली, आणि २०२२ पासून तिथे जाणाऱ्याला पाच हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.